निरवानिरव

माझा भाऊ गहिनीनाथ वाईट आहे, असं सोनईत कोणी म्हणणार नाही. मी म्हणते.

एकाहत्तर सालची गोष्ट. आमची धाकटी बहीण लंका लग्न होऊन नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. लंकाला यायला जमणार नव्हतं, तेव्हा आईच म्हणाली, "मंग मीच जाते. माहेर तिकडं न्हेते." जावयानं विमानाचं तिकीट पाठवलं. पासपोर्टासाठी मी शाळेच्या रजा खर्चून खेटे घातले. राहिला होता फक्त व्हिसा. त्यासाठी आईला घेऊन मुंबईला वकिलातीत जायचं होतं आणि तो मिळाला की तिथूनच तिला विमानात बसवायचं होतं.

आमच्या भागात म्हातारं माणूस काशीला निघालं की आधी निरवानिरव करतं. परत येणं होईल न होईल, म्हणून पाहुण्यारावळ्यांना भेटून घ्यायचं, कोणाला दुखावलं असेल तर त्याचे पाय धरायचे आणि जमीनजुमला पोरांच्या नावावर करून मोकळं व्हायचं. अमेरिका तर काशीच्या कितीतरी पलीकडे. हे गहिनीनाथनं तिच्या डोक्यात भरवलं की तिचं तिनंच ठरवलं, देव जाणे. पण तिच्या बापानं तिला दिलेली आठ एकर बागायत, विहिरीसकट, तिनं नेवाशाच्या कचेरीत जाऊन त्याला बक्षीसपत्रानं देऊन टाकली. मला कळलं ते सगळं उरकल्यावर. मला त्यातलं ढेकूळसुद्धा नको होतं. पण एका शब्दानं विचारायला काय याची जीभ झडणार होती?

निघायच्या दिवशी आमच्या दारात ही गर्दी. बायका आईच्या गळ्यात पडून रडल्या. गहिनीनाथ सगळ्यांत मोठ्यानं रडला.

वकिलातीतला गोरा साहेब सभ्य होता. त्याच्या शेजारी एक मराठी बाई दुभाषी म्हणून बसली होती. तिनं आईला विचारलं, "आजी, मुलीकडे किती दिवस राहणार?"

"बाळ-बाळंतीन हिंडूफिरू लागली की येनार."

"गावाकडे तुमचं काय काय आहे? घर, शेती?"

आई ताठ बसली. याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखी म्हणाली, "हुतं. समदं लेकाला देऊन आले. कुनाचं काई ठेवलं न्हाई. आता मागं माजं काई न्हाई बघा."

बाईनं चमकून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा विचारलं, जरा समजावून विचारलं. आईनं पुन्हा तेच सांगितलं, आणखी अभिमानानं. खोटं बोलायचं तिला सुचलंही नसतं. तिच्या लेखी ती सगळे पाश सोडवून, स्वच्छ होऊन आली होती. साहेबाच्या लेखी मात्र तिला परत यायला काही कारणच उरलं नव्हतं. त्यानं मान हलवली आणि पासपोर्ट आमच्या पुढ्यात सरकवला. नावावर काही असल्याचा कागद घेऊन या, मग पुन्हा बघू, असं दुभाषी बाईनं सांगितलं.

येताना एसटीत आई एवढंच म्हणाली, "गहिनीनाथ करंल काईतरी. माजा लेक हाय."

सगळ्या गावाचा निरोप घेतलेली बाई चौथ्या दिवशी परत आलेली बघून दारादारांतून माना बाहेर आल्या. गहिनीनाथ ओट्यावर बसला होता. त्याच्या बायकोनं, बनुबाईनं, चहा टाकला. मी त्याला सगळं उलगडून सांगितलं. जमीन परत आईच्या नावावर कर, तिला जाऊन येऊ दे, मग तुझी तुला घे.

"आक्का, दिल्यालं मागं घेत्यात व्हय?" तो म्हणाला. "लोकं तोंडात श्यान घालतील."

"कोणाच्या तोंडात? आईच्या की तुझ्या?"

"आन तिकडं बाळंतपनं दवाखान्यात व्हत्यात. आईचं तिथं काय काम हाय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बनुबाईची दोन बाळंतपणं आईनं काढली. रात्रीचा दिवस केला. तेव्हा नाही तुला दवाखाना आठवला?"

तो बशीत चहा ओतत राहिला. फुंकर घातली, घोट घेतला आणि मग पोटातलं ओठावर आलं. "समजा, जमीन तिच्या नावावर केली आन तिकडंच तिचं काई बरंवाईट झालं, तर? तुमी दोगी बहिनी हिस्सा मागायला मोकळ्या."

"आम्हाला काही नको, असं आत्ताच्या आत्ता लिहून देते! आण कागद!"

"बगू. ऊस तुटून जाऊ दे."

तोड सुरू होणार दिवाळीनंतर. लंकाचे दिवस भरणार भाद्रपदात. तेवढं त्याला चांगलं कळत होतं. असा संताप आला, वाटलं, ती बशी हिसकावून अंगणात भिरकावून द्यावी.

आई खांबाला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, "म्हंजी मी परत येनार न्हाई आसं धरूनच मला लावून देत हुतास व्हय रं?"

"तसं न्हाई, आई..."

"मंग कसं?"

बनुबाई आत निघून गेली. आई उठली, मुंबईहून आणलेली पिशवी अजून सोडलीही नव्हती, तीच उचलली आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागली. लेकीच्या घरी दोन दिवसांवर कधी न राहिलेली ती बाई केडगावला आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. मी आणखी दोनदा सोनईला जाऊन भांडले. पहिल्यांदा तो शेतात होता, दुसऱ्यांदा घरात असून बाहेर आला नाही.

भाद्रपदात जावयाची तार आली. मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत, एवढंच. मी ती वाचून दाखवली. आई तांदूळ निवडत होती. ताट बाजूला सारून म्हणाली, "बाळंत व्हताना बाईमानूस कुनी हुतं का तिच्यापाशी?"

तारेत ते नव्हतं. आणि तिथं नवऱ्याखेरीज लंकाचं कोणीही नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

"होतं," मी म्हणाले.

माझ्या आईशी मी खोटं बोलले ते तेवढंच. ते मला ज्यानं बोलायला लावलं, त्याला मी अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.