उजवा असूनही डावा

मी एक जुना उजवा बूट आहे. मित्रांनो, उजवा म्हणजे सरस, असे तुमची भाषा म्हणते. माझ्या नशिबी मात्र उलटेच आले. माझा धनी फुटबॉलपटू होता आणि गोल मारायचा तो डाव्या पायाने.

आम्ही दोघे भाऊ एकाच कातड्यातून बेतले गेलो आणि एकाच खोक्यात वाढलो. पण पहिल्याच मोसमात धन्याने लांबून असा चेंडू हाणला, की जाळे फाटता फाटता राहिले. तेव्हापासून लोक त्याला 'डावऱ्या' म्हणू लागले. वर्तमानपत्रात फोटो यायचा तो डाव्या बुटाचा. पोरेटोरे हात लावायची तीही त्यालाच. मी आपला चिखलात टाच रोवून धन्याचा सगळा भार पेलत उभा. मला फार वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

धन्याची आई तेवढी आम्हा दोघांना सारखेच पुसायची. "पोटच्या पोरांत कुणी उजवं-डावं करतं का?" म्हणायची.

पुढे धन्याचा उजवा गुडघा दुखावला. संघात नव्या दमाचा एक खेळाडू आला आणि प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडू लागले. धनी राखीव बाकावर बसून राहायचा. पायांत आम्हीच असायचो, पण 'डावऱ्या' अशी हाक काही यायची नाही. तो निवृत्त झाला तेव्हा क्लबने माझ्या भावाला मागून नेले आणि काचेच्या कपाटात ठेवले. मी जिन्याखालच्या खोक्यात जाऊन पडलो.

परवा धन्याच्या लेकीने मला बाहेर काढले. "बाबा, हा एकटाच आहे. भंगारात देऊ?"

माझा तर धीरच सुटला.

धन्याने मला हातात घेऊन उलटे केले. "याला भंगारात? तळ बघ, किती झिजलाय! अगं, गोल डाव्याने मारले, पण उभा होतो तो याच्या जिवावर."

लेकही बापासारखीच डावखुरी. अंगणात चेंडू मारायला जायची आणि दर वेळी तोल जाऊन आपटायची. धनी लंगडत तिच्याबरोबर अंगणात आला. "मारणारा पाय सगळेच बघतात, बाळा. तू टेकलेला सांभाळ. घाल यात पाय."

तिचा इवलासा पाय माझ्यात आला. पुढे जागा उरली, तिथे धन्याने मोजा कोंबला. तिने मला चेंडूशेजारी घट्ट रोवले आणि डाव्याने लाथ हाणली. कितीतरी वर्षांनी माझ्यावर भार पडला! चेंडू गेला थेट शेजाऱ्यांच्या कुंडीवर, पण पोर काही पडली नाही.

"शाब्बास!" धनी ओरडला. मित्रांनो, तो माझ्याकडे बघत होता.

गोल झाला की टाळ्या जरूर वाजवा, पण एकदा दुसऱ्या पायाकडेही बघा. आणि घरी आलात की दोन्ही बूट पुसा. तिथे तरी उजवे-डावे करू नका.