माळरानाची दुभती गाय

डोशिया व्हिटलॉकने वडिलांच्या टेबलावर कागद आपटला तेव्हा वॉल स्ट्रीटवर दहाचे टोले पडत होते. बाराला लिव्हरपूलच्या बोटीचं टपाल बंद होणार, आणि व्हिटलॉक पेढी लंडनच्या गिऱ्हाइकांना धाडते त्या बाजारपत्राचा शेवटचा परिच्छेद अजून छापखान्यात गेलाच नव्हता! नेहमी वडील सांगत आणि ती उतरवून घेई. आज पहिल्यांदाच तिने स्वतःच्या मनाने लिहिलं होतं: 'ब्रॅकेन रेल्वेचे रोखे तूर्त घेऊ नका.'

"पोरी, वेड लागलंय का?" जोशाया व्हिटलॉक गरजले. "अख्खी वॉल स्ट्रीटची गल्ली त्या रोख्यांवर लट्टू आहे!"

"गल्ली असेल. गाड्या कुठायत?" डोशियाने त्या लाइनीवरच्या एका गावाच्या चार पानी साप्ताहिकाचे दोन अंक पसरले. जानेवारीच्या अंकातल्या वेळापत्रकात रोज तीन मालगाड्या होत्या. ताज्या अंकात एकच, तीही रविवार सोडून. "माल असता तर गाड्या कमी केल्या असत्या का, बाबा?"

"असल्या गावठी चिटोऱ्यावर विसंबून लंडनच्या गिऱ्हाइकांना सल्ला देऊ?" गल्लीतल्या पेढ्या एकमेकींना आपापली पत्रं पाठवत. त्यातली तीन जोशायांनी तिच्यापुढे फेकली. "हे वाच. तिघेही मुरलेले!"

डोशिया मोठ्याने वाचू लागली. 'ही रेल्वे म्हणजे माळरानाची दुभती गाय.' दुसऱ्या पत्रात तीच गाय. तिसऱ्यातही तीच!

"बाबा, ही गाय मुळात कुणाच्या गोठ्यातली?"

म्हातारे कारकून पेलकाका खोकले. त्यांनी कपाटातून पेढीचं फेब्रुवारीचं पत्र काढून ठेवलं. गाय तिथेच उभी होती, आणि खाली जोशाया व्हिटलॉकची सही.

"रेल्वेच्या माणसाने जेवता जेवता सांगितलं, मी लिहिलं," वडील हळूच म्हणाले. "त्यांनी माझ्यावरून उचललं. आणि मी आज त्यांचाच दाखला देतोय!"

"साहेब, साडेदहा," पेलकाका म्हणाले.

जोशायांनी लेखणी उचलली. डोशियाला वाटलं, खोडतात की काय! पण त्यांनी तिच्या परिच्छेदाखाली एक ओळ वाढवली: 'फेब्रुवारीत हे रोखे आम्हीच वाखाणले होते. ती आमची चूक.'

"गल्ली हसेल मला."

"हसू दे की! लंडनवाले तर वाचतील!"

"मग बघतेस काय अशी? पळ!"

टोपीबिपी गेली खड्ड्यात! घोडागाड्यांमधून वाट काढत डोशिया सुसाट सुटली आणि छापखान्याच्या दारातूनच ओरडली, "खिळे जुळवा! शेवटचा परिच्छेद आलाय!"