‘आनहाई’वरचा आगवाला

फ्रेंचांनी मिन नदीत चिनी आरमार बुडवलं, त्या दिवशी त्यातली ‘आनहाई’ आगबोट तिथे नव्हती. बेटावरच्या ठाण्याला तांदूळ पोचवायला गेली होती. ती परतली तेव्हा पाण्यावर नुसत्या डोलकाठ्या दिसत होत्या. भट्टीत कोळसा टाकणारा श्वेगन वर आला आणि कठड्याला धरून तसाच उभा राहिला. ज्याच्याबरोबर तो आगवाल्याचं काम शिकला, तो शेजारचा मिंगको त्यातल्याच एका बोटीवर होता.

गावात घरोघरी कुणी ना कुणी गेलं होतं. श्वेगन घाटावर उतरला, तर मिंगकोची आई समोर.

“तू कसा रे जिवंत?”

“आम्ही तांदूळ पोचवायला गेलो होतो, काकू.”

“तांदूळ!” एवढंच म्हणून ती वळली.

त्यानंतर कुणी त्याला टाकून बोललं नाही, पण जेवायलाही बोलावलं नाही. ठरत आलेलं लग्न मुलीकडच्यांनी मोडलं. तो बोटीवरच राहू लागला.

बोटीचीही तीच गत झाली. एके काळी चाच्यांना पळता भुई थोडी करणारी ती जंगी आगबोट. आता तिच्यावर एकही कप्तान टिकेना. “पळपुटी आहे ही,” खलाशी म्हणायचे, “हिच्यावर चढलं की आपणही पळपुटे.” तिच्या तोफा उतरवल्या. तिनं धान्य वाहिलं, मग दीपगृहांना तेल. शेवटी बॉयलर गेला, तेव्हा तिला गाळात ओढून ठेवलं आणि राखणीला श्वेगनला. भट्टी गार पडली होती, तरी तो झोपायला खालीच जायचा. कित्येक दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही.

बोट मोडीत निघाली आणि तो गावी आला. पितरांना जेवू घालायचा दिवस होता. नदीकाठी बायका वाडगे मांडत होत्या. मिंगकोची आई बाजूला एकटीच बसली होती. तिला आता दिसत नव्हतं. तो तिला टाळून चालला होता.

“कोण आहे?”

“मी. श्वेगन.”

तिनं चाचपडत शेजारची जागा झटकली.

“बस. सगळे नुसते म्हणतात, शूर होता. बोटीच्या पोटात माझा पोरगा करायचा काय, ते कुणी धड सांगितलंच नाही. तू सांग.”

श्वेगन बसला. “कोळसा आधी फोडून घ्यायचा असतो, काकू. मोठं ढेकूळ टाकलं की आग दबते. मिंगको मोठीच टाकायचा. शिव्या खायचा.”

“आळशी मेला! चुलीत लाकडंही तशीच कोंबायचा,” म्हातारी म्हणाली. “पुढे?”

बोलायची सवय गेलेली. त्यानं घसा खाकरला आणि पुढचं सांगू लागला.