दीड फेरा

बोट घ्यायची चष्मेवाल्याला काही गरज नव्हती. पण त्याच्या साडूने, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, तीन वर्षांपूर्वी बोट घेतली आणि तेव्हापासून घरातले रविवारच बदलले. नदीच्या धक्क्यावर साडूला सगळे कप्तान म्हणू लागले. मग मेहुणी म्हणू लागली. आणि एक दिवस जेवताना चष्मेवाल्याची बायको सहज म्हणाली, "कप्तान भाऊजींच्या बोटीत बसलं ना, की वाटतं परत येऊच नये." पुढच्या घासाची चव काही त्याला कळली नाही.

त्याने घेतलेली बोट वापरलेली होती, चार माणसांची, मागे लटकवायचं जुनं इंजिन असलेली. पहिल्याच रविवारी त्याने सगळ्यांना हौसेने धक्क्यावर बोलावलं. वेगात इंजिन झकास चालायचं. पण वेग कमी करून नुसतं चालू ठेवलं, की ते खोकायचं, अख्खी बोट थडथडायची आणि धक्का हातभर उरला की मान टाकायचं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा प्रवाहाने बोट खाली नेली, तेव्हा कप्तानाने आपल्या बोटीतून दोरी फेकली आणि चष्मेवाल्याला बायकोसकट ओढून आणलं. कप्तान हसलासुद्धा नाही, आणि तेच जास्त झोंबलं.

चष्मेवाल्याने इंजिन उतरवून घरी आणलं. मागच्या अंगणात लाकडी घोडीवर टांगलं, खालचं टोक पाण्याच्या पिंपात बुडवलं, कारण पाण्याशिवाय ते तापून बसतं. रोज संध्याकाळी चष्म्यांचं दुकान बंद केलं की तो थेट पिंपापाशी. प्लग बदलले. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. रबरी नळी तपासली. दर वेळी इंजिन पाच मिनिटं शहाण्यासारखं चालायचं आणि मग पुन्हा तोच खोकला. भाऊजींना एकदा विचारून बघा, असं बायकोने सुचवलं, तेव्हा तो म्हणाला की त्यांना कशाला त्रास. हे ज्या आवाजात म्हटलं, तो ऐकून तिने पुन्हा विषय काढला नाही.

दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी तो घरी आला तर गल्लीच्या तोंडापर्यंत इंजिनाचा आवाज येत होता. एकसारखा, कुठेही न अडखळणारा. अंगणात कप्तान बाह्या वर करून उभा होता, हातात चहाचा कप होता, आणि बायको पोट धरून हसत होती. इकडून चाललो होतो, आवाज ऐकला म्हणून डोकावलो, असं कप्तान म्हणाला. एक स्क्रू जरा पिळला, बाकी काही नाही. चहा संपवून तो गेला.

चष्मेवाल्याने हातपाय धुतले, पिंपापाशी गेला आणि तो स्क्रू होता तसा उलटा फिरवला. इंजिन लगेच खोकू लागलं. वळून बघतो तर बायको स्वयंपाकघराच्या दारात.

"चांगलं चाललं होतं की."

"त्यांनी नुसता वेग वाढवून ठेवला होता. गिअर टाकला की बोट उडी मारेल. दुखणं आत तसंच आहे."

"हे स्क्रू फिरवायच्या आधी सुचलं, की नंतर?"

सांगितलेलं कारण खरं होतं, पण ते सापडलं तेव्हा हात आधीच स्क्रूवर होता.

"तू हसत होतीस," तो म्हणाला.

"हसत होते. भाऊजी बोटीच्या पहिल्या दिवशी स्वतः पाण्यात कसे पडले ते सांगत होते. तुम्ही दोन आठवड्यांत या घरात कुणाशी हसलात?"

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. त्याने जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर उघडला. डोळ्याला भिंग लावून एकेक भाग पाहिला, तेव्हा मंद गतीला पेट्रोल पुरवणारं केसाएवढं भोक जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजलेलं दिसलं. दुपारपर्यंत बसून त्याने ते मऊ तारेने मोकळं केलं. सगळं जोडल्यावर हवेचा बारीक स्क्रू टेकेपर्यंत बंद केला आणि हळूहळू मागे सोडत गेला. एक फेरा, सव्वा, दीड. दीडवर खोकला थांबला. पिंपातलं पाणी नुसतं थरथरत राहिलं. बायकोने येऊन इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला, क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, "जमलं तुम्हाला." त्याला याहून बरंच जास्त हवं होतं.

रविवारी त्याने बोट धक्क्याला लावली आणि इंजिन बंद पडलं नाही. कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. एकटा कप्तान जवळ आला, कान देऊन ऐकत राहिला आणि चारचौघांत मोठ्याने म्हणाला, "हे मी दुरुस्त केलेलं नाही. माझंही इंजिन सहा महिने असंच खोकतंय, मी नुसता स्क्रू पिळत बसलोय. मला शिकवाल का?"

चष्मेवाल्याने ज्या वाक्यासाठी इतके दिवस जीव टाकला होता, ते हेच. आणि ते कानावर पडताच त्याला नवाच मत्सर वाटला. हा माणूस किती सहज विचारू शकतो. आपल्याला ते दोन आठवडे जमलं नव्हतं.

त्याने शिकवलं. कार्बोरेटर उघडून दाखवला, भोक दाखवलं, तार कशी घालायची ते दाखवलं. बारीक स्क्रू किती सोडायचा, असं कप्तानाने विचारलं, तेव्हा मात्र चष्मेवाला म्हणाला, "ते अंदाजाने बघायचं." कप्तानाचं इंजिन सुधारलं, पण मधूनमधून अडखळत राहिलं. बायको धक्क्यावर उभी राहून ऐकत होती. घरी येताना ती वाटभर त्याच्या चार पावलं पुढे चालत राहिली.

सोमवारी दुकान उघडण्याआधी त्याने फोन केला. "दीड फेरा," तो म्हणाला. "टेकेपर्यंत बंद करायचा आणि दीड मागे. काल सांगायचं राहिलं." राहिलं नव्हतं, हे कप्तानाला कळलं असेल तर त्याने तसं दाखवलं नाही.

पुढच्या रविवारी दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी शांत चालत होती. कप्तान धक्क्यावर येईल त्याला सांगत होता की हे सगळं आमच्या साडूंनी शिकवलं, असा हात मी पाहिला नाही. लोक माना डोलवत होते.

"कप्तान किती मोकळ्या मनाचा माणूस," त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं.

चष्मेवाल्याने ते ऐकलं आणि दोरी सोडायला खाली वाकला.