लाल, पिवळी, निळी

"लाल तार आरमध्ये, पिवळी वायमध्ये आणि निळी सीमध्ये. बसवा भाऊसो! ॲपमध्ये हिरवी खूण आलीय."

मोबाईलमधून भरतेश मगदूम बोलत होता. तो मिनेसोटात, तिथे पहाटेचे सहा. आणि इथे पलूसमध्ये, त्याच्या आईच्या बंगल्यात, संध्याकाळचे साडेपाच. चंदनबालाआक्कांनी मोबाईल दोन्ही हातांनी भिंतीकडे धरला होता, ताम्हन धरावं तसा. भाऊसो जगदाळे जुन्या कंट्रोलचं झाकण काढून तारांकडे बघत उभे होते आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.

भाऊसोंचं वय एकसष्ट. बावीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये काढून ते हवालदार म्हणून परत आले, आणि तेव्हापासून तालुक्यात ज्याला म्हणून कॉम्प्रेसर आहे ते सगळं त्यांच्या हाताखालून जातं. तीन वर्षांपूर्वी भरतेशने या घरात हीट पंप बसवून घेतला, उन्हाळ्यात घर गार आणि थंडीत गरम करणारा, तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. पलूसमध्ये घर गरम करायला मशीन! पण अण्णाप्पा मगदूम दम्याने बेजार होते, आणि त्यांचे शेवटचे दोन हिवाळे या मशीनने सुखाचे केले, हे भाऊसोंनी स्वतः बघितलं होतं. आता अण्णाप्पांना जाऊन वर्ष होत आलं. बंगल्यात आक्का एकट्या. म्हणून भरतेशने जुन्या कंट्रोलच्या जागी बसवायची ही डबी, स्मार्ट थर्मोस्टॅट, पाठवली होती. खोलीत थंडी किती ते त्याला तिकडे मोबाईलवर दिसणार आणि तो तिकडूनच मशीन चालू-बंद करणार. आईकडून त्याने तारांचा फोटो मागवला होता, तो ॲपला दाखवला होता आणि ॲपने चालेल म्हणून सांगितलं होतं.

"आक्का, ही वायर कुणी वढलीया?" भाऊसोंनी विचारलं.

"आमच्या हिरीवरची मोटार बघतो न्हवं, त्यानं. कंपनीची वायर भितीपातूर पुरंना. ह्येंनी सांगितलं, मोटारीची उरल्याली वायर हाय की घरात, ती वापर."

भाऊसोंना हसूच आलं. दर वर्षी ते सर्व्हिसिंगला येत, पण या झाकणाखाली डोकावायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी पिशवीतून मीटर काढला आणि टोकं लावली. आकडा बघून मीटर मोबाईलसमोर धरला.

"दिसतंय का रं भरतेश? दोनशे तीस व्होल्ट. तुझ्या डबीला लागत्यात चोवीस."

"पण रंग तर बरोबर आहेत ना?"

"रंग मोटारीच्या वायरचं हायत, गड्या. लाल, पिवळी, निळी म्हंजे तीन फेज. हितं लालमधनं करंट येतोय, पिवळी मशीन चालू करती आन् निळी त्येला गरमवर घेती. तू सी म्हणतोस ती तार हितं न्हाईच. तुझ्या ॲपला काय म्हाईत, पलूसात घरटी उसाला हीर असती आन् तिच्या मोटारीची वायर घरात वापरत्यात? जोडलं की डबी जळंल, गच्चीवरच्या मशीनचा बोर्ड बी जळंल. आन् मशीन भर थंडीत बंद पडंल."

"मध्ये ट्रान्सफॉर्मर घालून, रिले लावून...?"

"घालता यील. मला येतं बी. पर एकट्या बाईच्या घरात मी असलं जुगाड करत न्हाई. कवा बिघडलं तर त्या कुणाला सांगणार?"

 दहा मिनिटांत परत फोन करतो, असं म्हणून भरतेशने फोन ठेवला.

आक्का खुर्चीत बसल्या. स्वयंपाकघरात त्यांचं ताट झाकून ठेवलेलं होतं. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम, आणि ऊन समोरच्या घराच्या माळवदावर गेलं होतं.

"आक्का, तुमी आदी जेवून घ्या."

"आज ऱ्हाऊ दे." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "भाऊसो, एक ऐकशील? जुनं हाय तसंच ठेव. ही डबी नुसती शेजारी लावून दे भितीवर. त्येला मी सांगीन, बसलंय, पर डबीला नेट घावंना."

"आवं आक्का!"

"त्येचं वडील गेलं तवा त्येचं तिकडनं यायचं इमान चुकलं. तोंड बगायला मिळालं न्हाई. वरीस झालं, पोरगं आतनं जळतंय. काय करू आन् काय नको असं झालंय त्येला. लय दिस शोधून घेतलीया त्यानं ही. न्हाई म्हणू नगंस रं."

भाऊसोंना त्यांची दया आली, पण त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. लडाखकडे असताना एकदा त्यांनी एका चौकीच्या हीटरवर 'ठीक' असा बिल्ला बांधला होता, न तपासता. साहेब ओरडत होते, गाडी सुटायची होती, आणि हीटर दिसायला चांगला होता. त्या रात्री हीटर बंद पडला आणि चौकीवरच्या, उंब्रजच्या तानाजीची दोन बोटं थंडीने गेली. तानाजी आजही स्टँडवर भेटला की त्याच हाताने रामराम घालतो, चहा पाजतो, त्या हीटरचा विषयसुद्धा काढत नाही. त्याने एकदा तरी आई-बहिणीवरून शिव्या घालाव्यात असं भाऊसोंना फार वाटे. त्यानंतर चालत नसलेल्या वस्तूला चालते म्हणणं त्यांना कधी जमलं नाही.

"आक्का, तुमी सांगा, वरची पान्याची टाकी धुवून दितो," ते म्हणाले. "पर ह्ये माझ्यानं व्हायचं न्हाई."

 तेवढ्यात फोन वाजला.

"भरतेश, ह्या घरात ही डबी चालणार न्हाई," भाऊसोंनी सरळ सांगून टाकलं. "मशीन झकास हाय. त्येची काळजी मी घितो. डबी परत पाठव."

"मशीनचं नाही हो, भाऊसो." भरतेश म्हणाला. "आईला तिथं थंडी वाजते की नाही, ते मला इथं कसं कळणार?"

"इचार की. हितंच हायत त्या."

"विचारतो ना रोज. ती रोज म्हणते, मी बरी आहे."

"मग पुन्यांदा इचार."

 भाऊसोंनी झाकण उचललं आणि भिंतीकडे तोंड करून ते एकेक स्क्रू लावायला लागले.

"आई, थंडी वाजते का गं?"

"छ्या! मला कसली थंडी..." आक्का सवयीने म्हणाल्या आणि थांबल्या. भाऊसोंच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "वाजती रं. तुजं आप्पा गेल्यापास्नं लय वाजती. मशीन लावलं तरी वाजती."

 पलीकडे सत्तेचाळीस वर्षांचा भरतेश हुंदके देऊन रडायला लागला, आणि आक्का त्याला "आसं करू नगं, आसं करू नगं" म्हणता म्हणता स्वतःच रडायला लागल्या. वर्षभरात मायलेक एकमेकांजवळ रडले नव्हते.

भाऊसोंनी शेवटचा स्क्रू आवळला, पिशवी उचलली आणि वरचं युनिट बघून येतो, असं पुटपुटत ते जिना चढून गच्चीवर गेले. वर बघण्यासारखं काही नव्हतं. गार वारं सुटलं होतं. कानाला मफलर गुंडाळून ते अर्धा तास तिथेच उभे राहिले.