रंगुबाईच्या वाट्याची मेंढरं

सुप्याच्या अलीकडे ओढ्याच्या काठाला गोरक्षनाथाचं आणि रंगुबाईचं रान एकाच बांधाला लागून होतं. बांधाच्या या अंगाला गोणीचं खत, त्या अंगाला लेंडीखत. दोन वर्षांपासून गोरक्षनाथ नगरहून युरिया आणायचा आणि पारावर बसून सांगायचा, "लेंड्यांवर शेती करायचे दिस गेले. आता मेंढरांमागं नाक धरून कोन बसतंय?" पहिल्या साली त्याची बाजरी डोक्याच्या वर गेली आणि बोलणं तिच्याही वर गेलं. दुसऱ्या साली पावसानं दडी मारली. माती भाजल्या विटेसारखी झाली आणि गोणीवाली बाजरी आधी करपली. रंगुबाईची मात्र दाणे भरेपर्यंत हिरवी राहिली. हे सगळ्या गावानं पाहिलं, आणि गाव पाहतंय हे गोरक्षनाथानं पाहिलं. माणूस पिकातला तोटा सोसतो. पारावर बोललेलं परत घेणं त्याला सोसत नाही.

रंगुबाईच्या रानात दर वैशाखात धुळाजी धनगर दोन रात्री मेंढरं बसवायचा. लेंड्या नि मूत मातीत जिरायचं, त्याला बाजरी मिळायची आणि कळप पुढं भिंगारच्या अंगाला निघायचा. रंगुबाईचा नवरा गेल्यावरही धुळाजीनं हे मोडलं नव्हतं. एकाहत्तरच्या वैशाखात मात्र ती लेकीच्या बाळंतपणाला पाथर्डीला निघाली. जाताना गोरक्षनाथाला म्हणाली, "भावजी, धुळादादा आला तर त्याला माझ्या रानात उतरवा. त्याची बाजरी काढून ठेवलीया. आल्यावर पोचवते म्हनावं."

"ते काय सांगाया पायजे व्हय, वैनी?" गोरक्षनाथ म्हणाला. त्या घडीला तो खरंच बोलत होता.

कळप ओढ्यात उतरला तेव्हा मात्र त्याची नजर आधी आपल्या रानावर गेली, मग मेंढरांवर. धुळाजीनं विचारलं, "बाई कुठं हाय?"

"वैनीनं औंदा नको म्हनून सांगितलंय," गोरक्षनाथ म्हणाला. "गोनीचं खत टाकनार हाय ती."

"रंगुबाई? गोनीचं?" धुळाजी काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. "निरोप तरी धाडायचा हुता तिनं."

"आलाच हाईत तर माझ्या रानात बसवा की."

मेंढरं दोन रात्री गोरक्षनाथाच्या रानात बसली. त्यानं मापाला कमी न करता बाजरी दिली. चोरीच्या मालाचं माप माणूस फार नेकीनं भरतो.

रंगुबाई परतली. बांधावर उभी राहिली. इकडं आपलं कोरडं रान, तिकडं खुरांनी तुडवलेलं, लेंड्यांनी भरलेलं रान. आता पहिल्या खोट्याला दुसरं जोडणं आलं. गोरक्षनाथ म्हणाला, "मी लई सांगितलं वैनी. पर तो म्हनला, बाई घरी न्हाई, मग बाजरी कोन देनार?"

"बाजरी कोन देनार?" रंगुबाईचा आवाज ओढ्यापलीकडे गेला. "ह्याला दुष्काळात घरातली भाकर मोडून दिली मी! भाऊ म्हनले मेल्याला! जळो त्याची काठी नि जळो त्याचं कांबळं!"

संध्याकाळी ती टोपलीभर बाजरी घेऊन साळूबाईकडे आली. साळूबाई म्हणजे गोरक्षनाथाची बायको. "त्या मेल्यासाठी काढलेली हाय. आता त्याला काय द्यायची? तुमचं गेल्या साली करपलं, पोरांना भाकरी घाल."

साळूबाईला सगळं ठाऊक होतं. तिनं टोपली घेतली, दळलं, आणि नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली.

"खावा की. लेंडीखताची हाय, गोड लागंल."

"गप बस."

"मी गपच हाय. मेंढरं आल्यापास्नं गपच हाय."

गोरक्षनाथानं तुकडा तोंडात घातला. तो खाली उतरेना. पाण्याबरोबर ढकलला. दुसऱ्या दिवशीही तीच बाजरी, तिसऱ्या दिवशीही तीच. शेवटी तो अर्ध्या भाकरीवरून उठला आणि बांध ओलांडून गेला.

रंगुबाईनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. तिनं भावजी म्हणणं तेवढं सोडलं.

"गोरक्षनाथ, मला कशाला सांगता? मी शिव्या दिल्या त्या त्याला. जावा, त्याला गाठा."

कळप भिंगारच्या पुढं माळावर होता. धुळाजीनं ऐकलं आणि विचारलं, "बाजरीपायी रान सोडलं, असंबी तूच सांगितलंस?"

"व्हय."

"मग बाईनं शिव्या दिल्या का मला?"

"दिल्या."

"लई?"

"काठी, कांबळं, काय ठेवलं न्हाई."

धुळाजीचा चेहरा सैल झाला. "मग बरं हाय. मला वाटलं, बाईनं मन काढलं." मग तो गोरक्षनाथाकडे वळला. "मेंढरं आता माघारी यायची न्हाईत. तिला सांग, लेंड्या जिथं पडल्यात तिथं तिनं पेरावं. औंदाचं पीक तिचं. तू तिच्या रानात पेर. आन हे तूच सांग, दुसऱ्या कुनाकडनं धाडू नगंस."

एसटीत गोरक्षनाथानं सगळा हिशेब मांडला. धुळाजी वर्षभर येणार नाही. माळावर तिसरं कुणी नव्हतं. त्याच्या मनात राग नाही, एवढंच सांगितलं तर खोटंही होत नव्हतं.

रंगुबाई दारात धान्य निवडत बसली होती. "काय म्हनला?"

"राग न्हाई म्हनला. पर मेंढरं येनार न्हाईत."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली.

इथं थांबला असता तरी चाललं असतं. तो उंबऱ्याशी उभाच राहिला.

"आन म्हनला... औंदा माझ्या रानात तुमी पेरा. पीक तुमचं. मी तुमच्यात पेरंन."

रंगुबाईनं सूप खाली ठेवलं. बांधापलीकडे पाहिलं. "त्या विटंत उगवंल का पर? दोन रातीत कितीशी सुधरली आसंल?"

"नांगरून देतो."

"पेरायला पाभरबी तुमचीच आना, माझी मोडलीया." मग जराशानं म्हणाली, "रानं का बदलली म्हनून गाव इचारंल."

"मी सांगंन."

"पारावर सांगा. मी आसताना."

गोरक्षनाथानं मान हलवली. त्यानं पाणी मागितलं. एरवी त्याच्या हातात तांब्या यायचा.

"रांजन भायेर हाय," रंगुबाई म्हणाली. "घ्या."