ताम्हणातल्या तीन डिस्का

नीलमनं बटण दाबलं, पंखा घुर्रर्र करून फिरला आणि काळ्या स्क्रीनवर एकच ओळ उमटली: चालू करण्याजोगी डिस्क सापडली नाही. आणि लगेच, का कोण जाणे, तिला हसूच फुटलं.

डिस्क बिघडली कशी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डिस्कनं काल आंघोळ केली होती.

काल दसरा. सासूबाई, म्हाळसाबाई, लोकर कातरायची जुनी कातर पिशवीत घालून तळेगाव ढमढेऱ्याहून शिक्रापूरच्या या दोन खोल्यांत पूजेला आलेल्या. कातर झाली, पाना-पक्कड झाली, मोटारसायकल झाली. कॉम्प्युटरपाशी त्या अडून बसल्या. "ह्यो तर नुसता डबा. डब्याची कसली पूजा? आतलं हत्यार काढ की."

एरवी नीलम बाळाचं दूध तीनदा मनगटावर थेंब टाकून बघायची. पण सासूचं मन मोडवेना. मेकॅनिकलची डिग्री घेतलेल्या तिच्याच हातांनी स्क्रू काढले, तीन डिस्का ताम्हणात मांडल्या. सुरजनं, तिच्या नवऱ्यानं, नारळ फोडला आणि पाणी बरोब्बर सगळ्यात छोट्या डिस्कवर उडालं. पुसली, वाळवली, परत बसवली. आज ती मेली होती.

त्या छोटीवर बूटलोडर होता. विंडोज उघडू की लिनक्स, असं सुरुवातीला विचारणारा तो दरवान. विंडोज नीलमच्या ड्रॉइंगसाठी, लिनक्स सुरजच्या शिकण्यासाठी, आणि दोन्ही त्या दोन मोठ्या डिस्कांवर पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेली: एक पट्टा हिच्यावर, पुढचा तिच्यावर. वेग झकास. पण एकीवर भलतंच काही लिहिलं गेलं, की दोघींवरचं सगळं मातीमोल.

आणि तिथंच होतं नीलमचं ड्रॉइंग. बाळंतपणानंतर दोन वर्षांनी मिळालेलं पहिलं काम. हा नमुना आज दुपारी एकपर्यंत कंपनीकडे पोचला तर पुढचं काम, नाहीतर राहिलं.

सुरजच्या कारखान्यात मोबाईल गेटवर जमा. साडेअकराला चहाच्या सुट्टीत तो गेटवर धावत आला आणि नीलमचे कॉल पाहून त्यानं फोन लावला.

"अहो, छोटी डिस्क गेली!"

"घाबरू नको. दुरुस्तीचा पेनड्राइव्ह लाव, त्यावरून चालू कर. बूटलोडर नव्यानं दुसऱ्या एखाद्या पेनड्राइव्हवर टाक. कुठं टाकू विचारलं, की सगळ्यात वरचं नाव घे. मी नेहमी तेच..." भोंगा वाजला. फोन बंद.

दुसरा पेनड्राइव्ह घरात एकच होता. म्हाळसाबाईंच्या ओव्यांचा. तो स्पीकरला लावल्याशिवाय बाळ झोपत नसे.

"आत्या, हा पुसावा लागेल," नीलम सासूला म्हणाली.

"पूस की. आवाज माझाच हाय त्यात. मी काय मेले का?" असं म्हणून त्यांनी बाळाची झोळी ओढली आणि खड्या आवाजात सुरू झाल्या.

त्या ओव्यांच्या तालावर नीलम एकेक आज्ञा टाईप करत गेली. शेवटी प्रश्न आला: बूटलोडर कुठं? खाली पाच नावं. सगळ्यात वरच्यावर खूण आधीच केलेली. तिनं बोट उचललं.

आणि बोट हवेतच राहिलं. नेहमी वर असायची ती छोटी. ती तर आता यादीतच नव्हती! मग वर कोण? तिनं नावांपुढचे जीबीचे आकडे पाहिले. चारशे ऐंशी. चारशे ऐंशी. नऊशे साठ, म्हणजे त्या दोघींची मिळून जोडी. मग बत्तीस आणि परत बत्तीस. वरची म्हणजे जोडीतली एक! एंटर दाबलं असतं तर ड्रॉइंग गेलं होतं. तिनं बोट मागं घेतलं, आणि वरून पुन्हा हसू.

"काय गं, खूळ लागलं का?"

"आत्या, दोन पेनड्राइव्ह सारखेच दिसताहेत. यातला तुमचा कुठला, कळंना."

"हात्तिच्या! दोन मेंढरं सारकी दिसली तर एकाला बाजूला काढायचं. कोण कमी झालं, ते बघायचं. येवडं शिकलीस आन्..."

नीलमनं ओव्यांचा पेनड्राइव्ह उपसला. यादी पुन्हा मागवली. शेवटचं नाव गायब! परत खुपसला. नाव हजर. पुन्हा उपसला, पुन्हा खुपसला.

"आगं, किती येळा मोजशील? बिचारं दमलं आसंल."

तिनं शेवटचं नाव निवडलं, डोळे मिटले आणि एंटर. मग दुरुस्तीचा पेनड्राइव्ह काढून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पंखा घुर्रर्र. काळा स्क्रीन. आणि मग दोन ओळी: विंडोज. लिनक्स. नीलमनं अशी किंकाळी मारली की शेजारची स्नेहल पोळी हातात घेऊन धावत आली.

ड्रॉइंग बारा पन्नासला गेलं. सव्वाला कंपनीच्या साहेबांचा फोन. "काम स्वच्छ आहे, मॅडम. सोमवारपासून आणखी दोन पाठवू का?"

नीलमनं हो म्हणायला तोंड उघडलं, तर आतून खुदूखुदूच बाहेर पडलं. थांबेचना. ओढणी तोंडात कोंबली, तरी थांबेना. साहेब "हॅलो, हॅलो" करत राहिले.

म्हाळसाबाईंनी एका हातानं झोळी हलवत दुसऱ्या हातानं फोन ओढून घेतला.

"धाडा, धाडा, दोन काय चार धाडा. करंल ती. आत्ता येड्यावानी हसतीया, जेवली की ठीक हुईल. आन् साहेब, जरा हळू बोला, लेकरू आत्ताच निजलंय."